तीन अँगस आणि एक फाइल

आमच्या गावात अँगस मॅकलीन नावाची तीन थोर माणसं होऊन गेली. त्यांतला एक अजून गेलेला नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

किती उशिरा? तर ऐंशी माणसांसमोर, हातात माईक धरून, त्याला स्वर्गात पोचवून झाल्यावर!

चिनू आणि ओवी, तुम्ही परवा व्हिडिओ कॉलवर विचारलंत, "आजी, तिकडे तुला बोअर होत नाही का?" त्याचं हे उत्तर. सावकाश वाचा. बाबांनाही वाचू द्या. किंबहुना त्यांना वाचायलाच लावा. कारण शेवटी कळेल.

आधी गाव. तुमची माधुरीआत्या जिथे डॉक्टर आहे ते ग्लेनमोरी कॅनडाच्या पार पूर्वेच्या टोकाला, समुद्राच्या खाडीवर वसलेलं आहे. टोरोंटोहून विमान, मग गाडी, मग आणखी गाडी, आणि मग "आई, आता आलंच हं" असं आत्या तीन वेळा म्हणते, तेव्हा येतं. इथल्या लोकांचे पूर्वज फार पूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरांतून बोटीने आले. येताना त्यांच्याकडे सामान कमी होतं, आणि नावं त्याहून कमी! अर्ध्या गावाचं आडनाव मॅकलीन. मुलगा झाला की अँगस नाही तर जॉन, मुलगी झाली की फ्लोरा नाही तर मेरी. मग माणसं ओळखायची कशी? टोपणनावाने. कोणी बोट चालवतो म्हणून फेरी अँगस, कोणी आणखी काही करतो म्हणून आणखी काही अँगस. पत्रांवर, दुकानातल्या पार्सलांवर, सगळीकडे टोपणनावच. ज्याला टोपणनाव नाही तो पाहुणा. किंवा मग कोणाचा तरी कोणीतरी. मी चार वर्षं 'डॉक्टरची आई' होते. आणि तुमचे आबा 'डॉक्टरच्या आईचा नवरा'. (डॉक्टरचे वडील म्हणायला काय हरकत होती? पण नाही.)

टोपणनावांबद्दल माझं मत तुमच्या बाबांना ठाऊक आहे. अमरावतीच्या शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यांतली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. कोणी कोणाला टोपणनावाने हाक मारली की "मी टोपणनाव ठेवणार नाही" हे पन्नास वेळा लिहायचं, तेही समासाची रेघ आखून. माझ्या शाळेत जाड्या नव्हता, बुटक्या नव्हता, ढापण्या नव्हता. सगळ्यांना पूर्ण नाव होतं. मला त्याचा अभिमान होता. होता!

तर गावच्या हॉलच्या भिंतीवर बारा फोटो आहेत. गावातली नामांकित माणसं. दर वर्षी नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी सगळं गाव जमतं, चहा होतो, एकेक फोटो खाली उतरवून दाखवतात आणि त्या माणसाची गोष्ट वाचतात. शेवटी एक म्हातारे गृहस्थ बॅगपाइप वाजवतात. बॅगपाइप म्हणजे काखेत पखाल धरून तिला गदागदा दाबल्यावर जो आवाज येतो तो. गेलेल्या माणसांसाठी एक खास दुःखी चाल आहे, ती वाजवतात. ते गृहस्थ म्हणजे आमचे मिस्टर पायपर. तेच बर्फ पडलं की ट्रॅक्टर आणून आमचा ड्राइव्हवे साफ करून देतात, आणि तेच आम्हाला अंडी देतात. फार सज्जन.

हे वाचन तीस वर्षं फ्लोरा करायची. फ्लोरा अठ्ठ्याऐंशी वर्षांची, सुपारीसारखी टणक, हॉलच्या चहाच्या किटलीवर तिचं एकछत्री राज्य. पण आता तिला अक्षरं दिसेनाशी झाली. ऑक्टोबरात ती एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्याकडे आली. (इथली माणसं इंग्रजीत बोलतात, ते मी तुमच्यासाठी मराठीत लिहिते आहे. ठसका मात्र तिचाच.)

"डॉक्टरच्या आई, या वर्षी तू वाचायचंस. तुझं इंग्रजी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे."

मी लाजले. (फार नाही. ते खरंच आहे.)

"डब्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत. माझा बाप पण आहे त्यात. त्याचं तेवढं नीट वाच हं. खाडीवरचा नवा धक्का बांधून झालाय. वाचन झालं की त्याला कोणाचं नाव द्यायचं ते हात वर करून ठरवणार आहेत. माझा बाप चाळीस वर्षं त्या पाण्यावर फेरी चालवायचा. वादळात सुईणीला घेऊन आला होता. मला डोळ्यांनी त्याच्या नावाची पाटी दिसणार नाही, पण बोटांनी चाचपता तरी येईल."

मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "फ्लोरा, निश्चिंत राहा. हे काम आता योग्य हातांत आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा.

डबा उघडला आणि मला घेरीच आली! चिठ्ठ्या कशा? एक पाकिटाच्या पाठीवर, एक कॅलेंडरच्या फाटक्या पानावर, एकीवर जॅमचा डाग! आणि नावं? 'बाटली अँगस.' मुलांनो, बाटली! हा थोर पुरुष चर्चच्या पायऱ्यांखाली चोरटी दारू लपवून विकायचा, आणि दर रविवारी त्याच पायरीवर उभा राहून पाद्रीबुवांना नमस्कार करायचा.

"माधुरी, हा माणूस थोरांच्या भिंतीवर कसा?"

"आई, ही इज अ लेजंड! जस्ट लीव्ह इट ना. पेशंट्स अजून त्याच्या गोष्टी सांगतात मला."

"ठीक आहे. पण बाटली म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाचा मान ठेवावा."

म्हणून मी पहिलं काम काय केलं? सगळी टोपणनावं काढून टाकली. फेरी गेली, बाटली गेली, सगळं गेलं. सुवाच्य अक्षरात बारा नवे कागद, आडनावानुसार लावलेले, निळी फाइल, वर अनुक्रमणिका. आणि प्रत्येक नावाआधी इंग्रजीतलं 'कैलासवासी'. भिंतीवर फ्रेममध्ये आहे म्हणजे कैलासवासीच, यात विचारायचं काय? आपल्याकडे जिवंत माणसाला कोणी भिंतीवर टांगतं का? एका चिठ्ठीत तर 'वाजवायला कधी नाही म्हणत नाही' असं वर्तमानकाळात लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, काय हा हलगर्जीपणा, आणि लाल पेनाने 'म्हणत नसे' केलं.

एका लाल फराट्याने मी माणूस संपवला, मुलांनो. मुख्याध्यापिकेच्या पेनात केवढी ताकद असते पाहा.

तीन कागदांवर मात्र आता एकच नाव उरलं: कैलासवासी अँगस मॅकलीन, कैलासवासी अँगस मॅकलीन आणि कैलासवासी अँगस मॅकलीन. मी गोंधळणारी बाई आहे का? मुळीच नाही. मी नंबर दिले. एक, दोन, तीन. वयाने मोठा तो एक.

फोटोंचं काम आबांकडे होतं. ते निवृत्त इंजिनिअर. त्यांना काम दिलं नाही की ते आत्याचा डिशवॉशर उघडून बसतात. बारा फ्रेमा घरी आणून त्यांनी काचा पुसल्या, खिळे बदलले. फ्रेमांच्या मागे पेन्सिलीने काहीबाही खरडलेलं होतं, ते घाण दिसत होतं, म्हणून त्यावर छान तपकिरी कागद चिकटवला. (ते काहीबाही म्हणजे टोपणनावं. हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही.) मी आतून ओरडून विचारलं,

"अहो, अँगस तीन आहेत ना?"

"तीन आहेत."

"त्यांना एक, दोन, तीन नंबर द्या. मोठ्याकडून लहानाकडे."

"दिले!"

इतकं सुरळीत सहकार्य आमच्या संसारात पंचेचाळीस वर्षांत झालं नव्हतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आणि शेवटी, सगळं उतरवून झाल्यावर, त्या जॅमच्या डागाच्या चिठ्ठ्यांचं काय करायचं? गुरुवारी रिसायकलिंगची गाडी येते. मी त्या निळ्या पिशवीत घातल्या. घर कसं स्वच्छ, मोकळं!

शनिवार उजाडला. मी मोतिया रंगाची पैठणी नेसले, वर आत्याचं विंटर जॅकेट, पायात बर्फाचे बूट. हॉल खचाखच. पहिल्या रांगेत फ्लोरा, गळ्यात मोत्यांची माळ, हातात चहाचा कप. दाराशी मिस्टर पायपर काखेत पखाल घेऊन तयार. गावचा दुकानदार सभेचा अध्यक्ष होता. आबा स्टेजवर फ्रेमांच्या थप्पीपाशी, हातात पांढरे मोजे घालून. (मोजे माझी कल्पना.)

पहिले काही थोर लोक झोकात पार पडले. टाळ्यासुद्धा आल्या! मला वाटलं, आता आपण या गावच्या झालो. मग आला 'एम'.

"कैलासवासी अँगस मॅकलीन, क्रमांक एक," मी म्हणाले. आबांनी फ्रेम उचलली. चांगली मोठी, सोनेरी कडांची. आत दाढीवाला, सरळ नजरेचा माणूस. मी वाचायला सुरुवात केली, "हे गृहस्थ चर्चच्या पायऱ्यांखाली दारूच्या बाटल्या लपवून विकत असत..."

हॉलमध्ये एकदम खसखस पिकली. फ्लोराचा कप ओठांपाशी थांबला.

मला वाटलं, बिचारीला या दारुड्याचा किती संताप येतो आहे! म्हणून मी तिच्या भावना ओळखून आवाज चढवला. "पोलीस आले की हे आजारी पडत असत! एकदा तर यांनी शवपेटीतून माल नेला!" खसखशीचा गडगडाट झाला. मागच्या रांगेत कोणीतरी मांडीवर थापा मारत होतं. मी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि पदरचं एक वाक्य घातलं, "चेहऱ्यावरून वाटत नाही, पण अशीही माणसं गावात असतात!"

फ्लोराने कप बशीत ठेवला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

माधुरीआत्या मागून हात हलवून काहीतरी खुणावत होती. मला वाटलं, छान चाललंय म्हणते आहे. मीही हात हलवला.

"कैलासवासी अँगस मॅकलीन, क्रमांक दोन!" मी म्हणाले. हाच तो फेरीवाला, फ्लोराचा बाप. मी घसा साफ केला. आबांनी दुसरी फ्रेम उचलली. त्यात एक विशीतला गालात खळी असलेला तरुण ट्रॅक्टरला टेकून उभा. फेरीवाला ट्रॅक्टरला का टेकला, असा विचार मनात आला खरा, पण माईक चालू असताना विचार करत नाहीत.

"कैलासवासी अँगस यांनी एका भयंकर वादळात, खाडी उसळलेली असताना, पलीकडच्या तीरावरून सुईणीला बोटीतून आणलं आणि एका बाळंतिणीचे प्राण वाचवले—"

"डॉक्टरच्या आई!" दारातून आवाज आला. मिस्टर पायपर. "तो मी आहे!"

"मिस्टर पायपर, तुमचं वाजवणं शेवटी. बसून घ्या."

"बसतो, पण मी मेलो कधी?"

"तुम्ही कुठे? हे अँगस मॅकलीन मेले."

"तोच मी!"

"तुम्ही पायपर आहात!"

"पायपर मी वाजवायला लागल्यापासून. अँगस मी आधीपासून आहे!"

मुलांनो, चार वर्षं! चार वर्षं त्या माणसाची अंडी खाल्ली, आणि पायपर हे त्याचं आडनाव नाही हे मला ठाऊक नव्हतं! ते बिचारे टोपी काढून पुढे आले, स्वतःच्या फोटोकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "आणि ते वादळाचं म्हणशील तर त्या दुपारी मी तिथे होतो खरा. पण दुपार संपली तेव्हा माझं वय एक तास होतं. जन्मलेलं बाळ ते मी!"

हॉल कोसळायचा बाकी राहिला. कोणीतरी ओरडलं, "पायपर, कशाने गेलास ते लिहिलंय का बघ!" दुसरा म्हणाला, "आणि आज वाजवणार कोण? स्वतःच्या मयताला स्वतःच?"

"वाजवीन की," मिस्टर पायपर म्हणाले, "पण मग चहा दुप्पट लागेल."

आणि तेव्हा फ्लोरा उभी राहिली.

"पायपर हसू शकतो, तो जिवंत आहे," ती म्हणाली. "पहिला फोटो माझ्या बापाचा होता. मला अंधुक दिसतं, पण ती सोनेरी फ्रेम मीच करून घेतली आहे. माझ्या बापाने जन्मात थेंब घेतला नाही. आणि तू सगळ्या गावासमोर त्याच्या हातून दारू विकलीस."

माझ्या पैठणीत थंडी भरली. मी हळूच आबांकडे वळले.

"अहो, तुम्ही नंबर कसे दिलेत?"

"सांगितलंस तसे. मोठ्याकडून लहानाकडे."

"मोठा म्हणजे वयाने!"

"फोटोला वय कुठून असणार? फ्रेमने मोठा!"

"फ्रेमने कोणी माणसं मोजतं का?"

"वीस बाय चोवीस, बारा बाय सोळा, आठ बाय दहा! टेपने मोजलंय मी!"

"टेप घाला चुलीत!"

हे सगळं माईकवर, अस्सल वऱ्हाडी सुरात चाललं होतं! ऐंशी डोकी एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे, टेनिसची मॅच पाहावी तशी वळत होती. शब्द कोणाला कळत नव्हता, पण नवरा-बायकोचं भांडण आहे हे कळायला भाषा लागत नाही. दोघेही व्यवस्थित, दोघांचाही क्रम बिनचूक, आणि दोघांनी मिळून दारूला कधी न शिवलेल्या माणसाला दारू विकायला लावलं, एका जिवंत माणसाला मारलं, आणि एक तासाच्या बाळाच्या हातात वल्हं दिलं!

अध्यक्ष दुकानदार पुढे आला. "मूळच्या चिठ्ठ्या आणा, म्हणजे मिटेल."

आता आली का पंचाईत? "चिठ्ठ्या," मी म्हणाले, "गुरुवारी गेल्या."

"कुठे?"

"रिसायकलिंगला."

मागून माधुरीआत्याचा आवाज आला, "ओह नो, आई!" एवढंच. चाळीस वर्षांच्या पोरीला भर सभेत तोंड लपवायला लावणारी आई मी.

अध्यक्षाने डोकं खाजवलं. "मग धक्क्याचं नाव पुढच्या वर्षी ठरवू. एवढा घोळ झाल्यावर मत कशावर घ्यायचं?"

"पुढच्या वर्षी?" फ्लोरा म्हणाली. आवाज अगदी हळू. "माझ्या वयाची बाई पुढच्या वर्षीवर काही ठेवत नाही रे."

कोणी हसलं नाही. आणि मला पहिल्यांदा खरोखर कळलं, की मी काय केलं होतं. नीटनेटकेपणाच्या नादात मी एका म्हातारीच्या हातून तिचा बाप काढून घेतला होता. ते निळ्या फाइलीतलं सुवाच्य अक्षर मला नकोसं झालं. मी फाइल मिटली, स्टेजवरून उतरले (बर्फाच्या बुटांत पैठणी अडकली, पण पडले नाही, त्या दिवशी तेवढंच एक बरं झालं), आणि माईक फ्लोरासमोर धरला.

"फ्लोरा, तू सांग."

"मला वाचता येत नाही आता."

"वाच कोण म्हणतंय? तुझा बाप आहे. सांग."

फ्लोराने माईक चाचपून धरला. मग म्हणाली, "तेव्हा मी नऊ वर्षांची होते." आणि मुलांनो, तीस वर्षं जी बाई चिठ्ठी वाचून दाखवायची, ती पहिल्यांदा बोलायला लागली! वारा कसा होता, किनाऱ्यावरचे दगड कसे वाजत होते, पायपरची आई घरात कशी कण्हत होती, सगळं. तिच्या आईने तिला किनाऱ्यावर उभं केलं होतं, बोट दिसली की ओरड म्हणून.

"आणि दिसली. मी वल्ही मोजली. चार होती."

हॉलभर कुजबूज झाली.

"दोन माणसं होती. ही गोष्ट मी कधी वाचली नाही, कारण चिठ्ठीत नव्हती. आणि चिठ्ठीत नव्हती, कारण चिठ्ठी माझ्या आईने लिहिली होती. बाबांची बोट त्या आठवड्यात फुटलेली होती. बाटली अँगस आपली बोट भरून माल पोचवायला निघाला होता. बाबा धावत गेले आणि म्हणाले, बोट हवी. त्याने विचारलं नाही कशाला. एकेक बाटली उचलून पाण्यात टाकली, आणि दुसरी दोन वल्ही धरली. उभ्या आयुष्यात त्याने तेवढाच माल फुकट घालवला! बाबा म्हणाले, त्याचं नाव घेऊ नका, पोलीस विचारतील बोटीत काय होतं. मग पोलीस गेले, बाटली गेला, बाबा गेले, पण नाव घ्यायचं राहूनच गेलं. घरातला नीटनेटकेपणा, दुसरं काय!" तिने माझ्याकडे अंदाजाने मान वळवली. "तेव्हा डॉक्टरच्या आई, तू बाबांच्या फोटोला बाटलीची गोष्ट चिकटवलीस, ती निम्मी तरी बरोबर आहे. ते दोघे एकाच बोटीत होते."

(निम्मी बरोबर! मी आबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्यांनी टेप खिशात घातली.)

मिस्टर पायपर रुमालात नाक शिंकरत होते. "म्हणून मी आईला नेहमी विचारायचो," ते म्हणाले, "माझं नाव कोणत्या अँगसवरून ठेवलंस? ती म्हणायची, दोघांवरून. एका नावात काम झालं!"

आता हसणं आणि रडणं एकत्रच झालं. अध्यक्षाने टेबलावर थाप मारली. "मग धक्क्यावर लिहायचं काय? फेरी अँगस की बाटली अँगस?"

"नुसतं अँगस," फ्लोरा म्हणाली. "खाली चार वल्ही कोरा. खोल कोरा, बोटांना लागतील अशी."

"हात वर करा!"

सगळे हात वर! मिस्टर पायपरनी तर दोन्ही वर केले, आणि पखाल धपकन खाली पडून अशी केकाटली, की दोन बायकांचा चहा सांडला.

"पायपर, हात खाली," अध्यक्ष ओरडला, "कैलासवासींना मत नसतं!"

त्या दिवशी दुःखी चाल वाजलीच नाही. मिस्टर पायपर म्हणाले, आपण मेलो नाही याच्या आनंदात नाचाची वाजवतो. फ्लोराने माझा हात धरला, आबांनी पांढऱ्या मोज्यांचे हात हवेत फिरवले, आणि बर्फाच्या बुटांत, पैठणीत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी नाचले! तुमच्या आत्याने व्हिडिओ काढला आहे. तो मागू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो फूटभर बर्फ, आणि ड्राइव्हवेत ट्रॅक्टर! मी पांघरूण गुंडाळूनच दारात गेले, म्हटलं पाया पडून माफी मागावी. तर मिस्टर पायपर ट्रॅक्टरवरून हात हलवून म्हणाले,

"गुड मॉर्निंग, शालिनी वन-टू-थ्री!"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. दुपारी दुकानात गेले, तर माझ्या पार्सलावर मोठ्या अक्षरांत तेच: शालिनी वन-टू-थ्री. फ्लोराचा फोन आला, "वन-टू-थ्री, संध्याकाळी चहाला ये."

चार वर्षांनी मला नाव मिळालं होतं, मुलांनो! टोपणनाव! ज्याच्यासाठी मी पोरांना पन्नास ओळी लिहायला लावल्या, ते मला मिळालं, आणि मी स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देता देता गाणं म्हणत होते.

"अहो ऐकलंत का," मी आबांना म्हणाले, "एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा मला कोणी टोपणनाव ठेवलं. बत्तीस वर्षं शाळेत काढली, पण एका कार्ट्याची हिंमत झाली नाही!"

आबा पेपरमागे गेले. पेपर हलायला लागला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. अगं, सगळी शाळा तुला फूटपट्टी म्हणायची."

फोडणी करपली.

"फूटपट्टी? कोण म्हणायचं?"

"मुलं, शिपाई, गणिताचे सर. आपला दूधवाला पण. 'फूटपट्टीबाईंचं अर्धा लिटर' असं म्हणायचा."

"आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पंचवीस-तीस वर्षं झाली. ज्याने ठेवलं तोच घरी येऊन सांगून गेला ना!"

"घरी? आपल्या घरी कोण आलं होतं?"

"आलं कशाला, राहायलाच होता. पाचवीत, अ तुकडी."

तर चिनू, ओवी, आता तुमच्या बाबांकडे पाहा. कान लाल झाले असतील. त्यांना एक वही द्या, समासाची रेघ आखून घ्यायला सांगा, आणि "मी टोपणनाव ठेवणार नाही" हे पन्नास वेळा लिहून मला फोटो पाठवायला सांगा. रेघ सरळ हवी.

मी मोजून घेणार आहे. फूटपट्टीने!

तुमची आजी,
शालिनी वन-टू-थ्री